मोठ्या माणसांना इंग्लिश शिकवायचंय? आधी वर्गातलं हसणं थांबवा

मी अंबाजोगाईत संध्याकाळी मोठ्या माणसांचा इंग्लिशचा क्लास घेते. मोठ्या म्हणजे विशीपासून पासष्टीपर्यंत. आशाताई आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, काळीपिवळी चालवणारे दादा आहेत, किराणावाले आहेत, रिटायर झालेले एक कंपाउंडर काका आहेत, आणि लेकराला इंग्लिश मीडियमला घातलंय पण डायरीत शाळेनं काय लिहून पाठवलंय तेच कळंना अशा आया तर लई आहेत. बऱ्याच जणांनी विचारलं की आम्हालाही गावात असा क्लास सुरू करायचाय, पुस्तक कोणतं घ्यावं, ग्रामर कुठून सुरू करावं. पुस्तकाचं आपण शेवटी बघू. माझा अनुभव असा आहे की मोठा माणूस इंग्लिश अवघड जातंय म्हणून क्लास सोडत नाही, चारचौघात आपलं हसू झालं म्हणून सोडतो, आणि सोडताना तसं सांगत पण नाही, "जरा काम निघालं मॅडम" एवढंच म्हणतो आणि परत दिसत नाही. म्हणून मी इथं फक्त वर्गातल्या वातावरणाबद्दल लिहितेय, कोणत्या क्रमानं काय करायचं ते.

आधी माणसाला भेटा, मग वर्गात बसवा

बॅच सुरू व्हायच्या आधी आठवडाभर मी प्रत्येकाला एकेकटं भेटते, दहा-पंधरा मिनिटं, चहा घेत, पूर्ण मराठीत. परीक्षा घेत नाही. तीन गोष्टी विचारते: इंग्लिश नेमकं कुठं अडतं, दिवसातला कोणता वेळ खरंच मोकळा असतो, आणि याआधी तुमचं आणि इंग्लिशचं काय झालं होतं. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकांकडं एक गोष्ट असतेच. कुणाला सातवीत सरांनी फळ्यापुढं उभं करून स्पेलिंग विचारलेलं असतं, कुणाची दहावी इंग्लिशमधेच गेलेली असते आणि तिथंच शिक्षण सुटलेलं असतं. ते सगळं ऐकून घ्या, मधे बोलू नका, सल्ला देऊ नका, कारण हा माणूस तुमच्याकडं यायच्या आधीच एकदा वर्गात पडलेला आहे आणि त्याला आता बघायचंय की इथं पण तसंच होतं का.

शिक्षण किती झालंय हे सगळ्यांसमोर कधीच विचारू नका. फॉर्मवर तो रकानाच नको. शेजारचा माणूस तिरक्या नजरेनं बघतोच.

माझी एक वही आहे, त्यात प्रत्येकाच्या नावापुढं एकच ओळ. "औषधाच्या पाकिटावरचं वाचता यावं." "विमानतळावरच्या पॅसेंजरचा फोन आला की घाबरायला होतं." "नातवासोबत बसून त्याचं पुस्तक वाचायचंय." हीच ओळ पुढं तीन महिने त्या माणसाचा सिलॅबस असते. काय शिकवायचं हे कळंना झालं की मी ती वही उघडते.

जागा, उजेड, वेळ

शाळेची खोली मिळाली तर बरं वाटतं, पण तिसरी-चौथीच्या लेकरांच्या बेंचवर पन्नास वर्षांच्या माणसाला गुडघे दुमडून बसवलं तर त्याला पहिल्या मिनिटाला आपण लहान झाल्यासारखं वाटतं. खुर्च्या मागून आणा, मंडपवाल्याकडून आणा, नाहीच जमलं तर सतरंजी टाका पण भिंतीला टेकायची सोय ठेवा, आणि रांगा करू नका. अर्धगोल करा, म्हणजे कुणी मागं बसून लपणार नाही आणि कुणाला सगळ्यांची पाठ बघत बसावं लागणार नाही. मी पण खुर्ची घेऊन त्याच गोलात बसते, फळ्याचं काम असलं तरच उठते.

चाळिशीनंतर जवळचं दिसत नाही, आणि हे कुणी सांगत नाही. एक ताई महिनाभर वाचायची वेळ आली की "घसा बसलाय" म्हणायच्या. त्यांना चष्मा हवा होता, बाकी काही नाही. तेव्हापासून माझ्या टेबलावर जवळच्या नंबरचे तीन तयार चष्मे ठेवलेले असतात, दीड, दोन आणि अडीचचा. कुणी न विचारता उचलतं, घालतं, जाताना परत ठेवतं. झेरॉक्स काढताना अक्षर मोठं काढा, फळ्यावर तर लईच मोठं.

लाइट जाणारच, चार्जिंगचा बल्ब ठेवा. बायकांची बॅच दुपारी दोन ते साडेतीन ठेवली तर टिकते, संध्याकाळी सातला स्वयंपाक असतो. एप्रिल-मे मधे आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हा दुपारचा हट्ट सोडा, सकाळी सातला घ्या.

पहिल्या दिवशी पुस्तक उघडायचं नाही

पहिल्या दिवशी मी फळा मोकळा ठेवते आणि म्हणते, तुम्हाला येत असलेले इंग्लिश शब्द सांगा. सगळे म्हणतात येतच नाहीत. मग मी विचारते, काल शेतात पाणी का दिलं नाही? "डीपीवरचा फ्यूज उडाला मॅडम, सिंगल फेज होता, मोटर स्टार्टच होईना." बघा, एका वाक्यात किती निघाले. डीपी, फ्यूज, सिंगल, फेज, मोटर, स्टार्ट. मग आशाताईंकडून बीपी, शुगर, सलाईन, डिलिव्हरी, रेफर, रिपोर्ट येतात. ड्रायव्हर दादांकडून क्लच, गिअर, ब्रेक, पासिंग, इन्शुरन्स. किराणावाल्यांकडून स्टॉक, रेट, होलसेल, बिल. अर्ध्या तासात फळा भरतो, दीडशेच्या आसपास शब्द होतात, आणि एवढे शब्द आधीच तोंडात असणारा माणूस शून्यापासून सुरू करत नसतो हे त्याला स्वतःला दिसतं. त्या फळ्याचा फोटो काढून प्रत्येकाला पाठवते.

त्याच दिवशी मी थोडा इतिहास पण सांगते, कारण "आपणच ढ होतो" हे डोक्यातून काढायचं असतं. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी कारभार उर्दूत, उस्मानिया विद्यापीठ १९१८ ला निघालं ते उर्दू माध्यमाचं. आपल्या आज्या-आजोबांच्या पिढीत जे मोजके लोक शिकले त्यातले कितीतरी उर्दू शिकले. औरंगाबादला बाबासाहेबांनी कॉलेज काढलं ते १९५० मधे, मराठवाडा विद्यापीठ आलं १९५८ ला. आणि मराठी शाळेत पहिलीपासून इंग्लिश सुरू झालं २००० साली, त्याआधी पाचवीपासून होतं. म्हणजे आज पस्तिशीच्या पुढं असलेला जो माणूस मराठी शाळेत शिकला त्याच्या वहीत इंग्लिश अक्षर पाचवीत आलं, त्यातही किती गावांत इंग्लिशचे सर होते ते तुम्हाला माहितीच आहे. हे सांगितल्यावर वर्गात जी शांतता होते ती मी दर बॅचला बघते. मग कुणीतरी म्हणतं, "म्हणजे आमची चूक नव्हती की."

बंजारा तांड्यावरून येणारे असतील तर त्यांना वेगळं सांगा. त्यांच्या घरात गोरमाटी बोलतात, मराठी ही त्यांनी शाळेत आणि बाजारात शिकलेली भाषा आहे. म्हणजे दुसरी भाषा कशी शिकायची हे ज्याला आधीच माहिती आहे असा माणूस वर्गात बसलाय. उर्दू-दखनी बोलणाऱ्या घरातल्यांचं पण तेच. त्यांना विचारा, मराठी कशी शिकलात? उत्तर सगळ्यांनाच उपयोगी पडतं.

हसण्याचा नियम

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षीची गोष्ट. माझ्या वर्गात पंक्चरचं दुकान असलेले एक दादा होते, शांत माणूस, कायम दाराजवळची खुर्ची. एक दिवस घरातल्या माणसांबद्दल एकेक वाक्य बोलायचं होतं, ते उठले आणि म्हणाले, "माय वाइफ इज इन द चिकन." वर्ग फुटला. मी पण हसले, खरं सांगते, मनात काही वाईट नव्हतं पण हसले. ते पण हसल्यासारखं करून खाली बसले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशी नाहीत.

चौथ्या दिवशी मी दुकानावर गेले. ते एक ट्यूब हवा भरून पाण्याच्या घमेल्यात हळूहळू फिरवत होते, माझ्याकडं न बघता म्हणाले, "मॅडम, घरी लेक हसते, म्हणून तुमच्याकडं आलतो." एवढंच. मी माफी मागितली. तेवढ्यात ट्यूबमधून बारीक बुडबुडे निघाले, त्यांनी तिथं अंगठा दाबला, फडक्यानं पुसलं, खडूनं खूण केली. मी म्हणलं, बुडवल्याशिवाय कळत नाही ना कुठं गळतंय ते? म्हणाले, "नाही, वरून ट्यूब चांगलीच दिसती."

दुसऱ्या दिवशी ते आले. मी सगळ्यांसमोर सांगितलं की त्या दिवशी मी हसले ते चुकलं, आणि यापुढं आपल्या वर्गात चुकीला चूक म्हणायचं नाही, बुडबुडा म्हणायचं. बुडबुडा आला म्हणजे कुठं काम करायचं ते सापडलं. आता नवीन बॅचला हा शब्द जुनी माणसंच शिकवतात. कुणी अडखळलं की स्वतःच म्हणतं, "थांबा, बुडबुडा," आणि परत वाक्य बोलतं.

तुमच्या वर्गात शब्द वेगळा असेल, पण या गोष्टी पहिल्या आठवड्यात पक्क्या करा. नियम तुम्ही सांगू नका, वर्गाकडून काढून घ्या. विचारा, "तुम्हाला बोलताना कशाची भीती वाटते?" जे सांगतील ते फळ्यावर मराठीत लिहा आणि त्यातूनच नियम बनवा. आमच्याकडं तीनच आहेत: कुणी बोलत असताना हसायचं नाही, कुणाचं वाक्य मधेच पूर्ण करायचं नाही, वर्गात झालेली चूक वर्गाबाहेर सांगायची नाही. तिसरा नियम आमच्याकडच्या एका काकूंनी सुचवला आणि तो छोट्या गावात लई लागतो, कारण इथं वर्गातल्या दोघांत तिसरा कुणीतरी नातेवाईक निघतोच. आणि नियम मोडला तर? मोडणाऱ्याला सगळ्यांसमोर झापू नका, नाहीतर हसण्याच्या जागी तुमची भीती बसेल. सुटल्यावर बाजूला घेऊन बोला.

स्टीफन क्रॅशन नावाच्या अमेरिकन भाषातज्ज्ञानं १९८० च्या सुमारास हेच मांडलं होतं, त्याला तो अफेक्टिव्ह फिल्टर म्हणायचा: मनात भीती, लाज, ताण असला की कानावर पडलेली भाषा आत उतरत नाही. मी वर्गात हे ठिबकवर समजावते. मोटर चालू आहे, टाकी भरलेली आहे, पण फिल्टर चोक झालाय, मग झाडाच्या बुडाशी थेंब येईल का? शेतकऱ्याला एका वाक्यात कळतं. आपण आधी फिल्टर साफ करायचा, पाणी नंतर वाढवायचं.

मराठी बोलू द्या, आणि आपली मराठी बोलू द्या

"वर्गात फक्त इंग्लिश" अशी पाटी लावणारे क्लास मी बघितलेत. मोठ्या माणसाला, ज्याला बाहेर चार लोक विचारून काम करतात, त्याला तिथं आल्यावर मुकं करून टाकायचं, यानं काय साधतं मला कळत नाही. माझ्याकडं शंका मराठीत विचारायची, समजून मराठीत घ्यायचं, आणि सराव इंग्लिशमधे करायचा. सुरुवातीला वर्गात निम्मी-निम्मी भाषा असते, दोन महिन्यांनी इंग्लिश आपोआप वाढत जातं.

पण मराठी म्हणजे पुस्तकातलीच असं नाही. आपल्या माणसाला इंग्लिशच्या आधी मराठीवरून हसलेलं असतं. पुण्याला गेला आणि "पानी" म्हणला, "काय करायलाव" म्हणला, की लोक ओळखतात आणि तोंड फिरवून हसतात. ज्याची स्वतःची भाषाच चुकीची ठरवली तो दुसरी भाषा बोलायला तोंड कसं उघडणार? म्हणून माझ्या वर्गात कुणाची मराठी दुरुस्त होत नाही.

उलट आपली बोली इंग्लिश शिकवायला लई कामाला येते. प्रेझेंट सिंपल आणि प्रेझेंट कंटिन्युअस यात सगळे गोंधळतात. मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिते. "मी रोज नऊला जेवते." "थांब, मी जेवायले." विचारते, फरक काय? एका सेकंदात उत्तर येतं, पहिलं रोजचं आहे, दुसरं आत्ता चालू आहे. झालं. पहिलं आय ईट, दुसरं आय एम ईटिंग. करायलो, जायलो, बोलायली, हे जिथं येतं तिथं आयएनजी लावून बघा. आणि गंमत म्हणजे आपण "उद्या मी लातूरला जायलो" असं पण म्हणतो, ठरलेल्या कामाबद्दल, आणि इंग्लिशमधे पण तसंच म्हणतात, आय एम गोइंग टू लातूर टुमॉरो. ज्या बोलीवर हसतात तीच बोली फळ्यावर ग्रामर म्हणून लिहिलेली दिसली की माणसं सरसावून बसतात. हा तास शक्यतो पहिल्या पंधरा दिवसांतच घ्या.

आणखी एक अडचण आदराची येते. माझ्यापेक्षा मोठे काका मला "यू" म्हणायला कचरतात, "मॅडमला यू कसं म्हणावं, अरेतुरे केल्यासारखं वाटतं." त्यांना समजावून सांगा की इंग्लिशमधे तू आणि तुम्ही एकच आहे, तिथं मान शब्दात नसून वाक्याच्या बांधणीत असतो. आपल्या "पाणी द्या" मधल्या "द्या" मधे मान आहे, तेच "गिव्ह मी वॉटर" केलं की तो मान गळून पडतो आणि वाक्य हुकूम वाटतं. म्हणून "कुड यू गिव्ह मी सम वॉटर, प्लीज" हे वाक्य मी पहिल्याच आठवड्यात पाठ करून घेते. वर्गात मी सगळ्यांना ताई, दादा, काका, मावशी अशीच हाक मारते, इंग्लिश बोलताना पण. नुसत्या नावानं हाक मारली की काही जण आखडतात.

प्रश्न विचारला की गप्प बसा

अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात शाळेच्या वर्गांत मोजून बघितलं होतं, शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलायला लागतात. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प असणारी लेकरं पण बोलतात. हे झालं स्वतःच्या भाषेत शिकणाऱ्या लेकरांचं. आपल्या माणसाला प्रश्न ऐकायचा, मराठीत करायचा, उत्तर मराठीत जुळवायचं, परत इंग्लिशमधे उलटवायचं, आणि उलटवायचं म्हणजे खरंच उलटवायचं, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं आणि त्यांचं मधे. मी मनात दहा मोजते. दहा. पहिल्यांदा लई अवघड जातं, वाटतं माणूस अडचणीत आलाय, मदत करावी. करू नका. नजर जरा खाली ठेवा, टक लावून बघू नका. आणि आधीच सांगून ठेवा की "पास" म्हणायची मुभा आहे, पास म्हणलं की पुढच्या माणसाकडं जायचं, का म्हणून विचारायचं नाही.

चूक कधी सांगायची, कधी सोडायची

बोलत असताना कधीच अडवू नका. "यस्टरडे आय गो टू परळी" असं कुणी म्हणलं तर मी म्हणते, "ओ, यू वेंट टू परळी? बाय बस?" बहुतेक वेळा पुढच्या वाक्यात ते स्वतः वेंट वापरतात. नाही वापरलं तरी हरकत नाही, उद्या परत ऐकतील.

बाकीच्या चुका मी कागदावर टिपून ठेवते आणि शेवटची दहा मिनिटं फळ्यावर चार-पाच वाक्यं लिहिते, नाव न सांगता, आणि सगळे मिळून नीट करतात. एवढीच, जास्त नाही. निवडताना बघायचं की यानं अर्थ बिघडतो का. व्ही आणि डब्ल्यूच्या उच्चारात आपला फरक होत नाही, सगळ्यांना "व" च, यानं कुणाचं काही अडत नाही, सोडून द्या. पण फिफ्टीन आणि फिफ्टीच्या गोंधळात पैशाचा घोटाळा होतो, त्यावर वेळ घाला.

स्पेलिंगवरून माणसं स्वतःला लई दोष देतात. देवनागरी लिहिली तशी वाचता येते, म्हणून वाटतं इंग्लिशचं जमंना म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे. त्यांना सांगा की नाइफ मधल्या "के" चा पूर्वी खरंच उच्चार होता. इंग्लंडमधे पंधराव्या शतकात छपाई आली, स्पेलिंग हळूहळू ठरून गेलं, बोलणं मात्र बदलत राहिलं. सुरुवातीला इंग्लिश शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहू द्या, महिना-दीड महिन्यात गरज कमी होते. ज्यांना मराठी वाचायलाच वेळ लागतो त्यांना लिहायला लावूच नका इतक्यात, त्यांचं बोलणं आणि ऐकणं चालू ठेवा.

कुणाशेजारी कोण

जोड्या लावताना नाती बघा. सासू-सुनेला, नवरा-बायकोला एकत्र बसवू नका, कुणाचे थोरले दीर वर्गात असतील तर ती ताई त्यांच्यासमोर मराठीत पण बोलायची नाही, मग इंग्लिश कुठून बोलणार, तिची बॅचच वेगळी करा. स्पर्धा परीक्षा करणारी वीस-बावीसची पोरं भराभर उत्तरं देतात, त्यात त्यांचं वाईट नसतं पण बाकीचे मिटून जातात. त्यांना मी बाजूला घेऊन सांगते, तुझं काम शेवटी बोलायचं आणि शेजारच्या काकांना शब्द अडला तर हळूच चिठ्ठीवर लिहून द्यायचं. पोरं हे काम मनापासून करतात.

आता पुस्तकाचं

माझ्याकडं पुस्तक नाही, एक पिशवी आहे. त्यात औषधाची रिकामी पाकिटं आहेत, १०:२६:२६ च्या खताच्या गोणीची कापलेली बाजू आहे, बँकेचे मेसेज लिहिलेले कागद, शाळेची डायरी, कुरिअरची पावती, आणि कीटकनाशकाची लेबलं. लेबलवरच्या चौकोनातल्या रंगाचा अर्थ बऱ्याच फवारणी करणाऱ्यांना माहिती नसतो: लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात कमी. लेबलवरचं पॉयझन आणि कीप आउट ऑफ द रीच ऑफ चिल्ड्रन वाचायला शिकणं हे दहा कवितांपेक्षा कामाचं आहे. त्या तासानंतर एक दादा दुसऱ्या दिवशी घरातला कीटकनाशकाचा डबा घेऊन आले, "वाचा मॅडम" म्हणाले नाहीत, स्वतः वाचून दाखवला, अडखळत, बोट ठेवून.

फोनवर बोलायचा सराव पाठीला पाठ लावून बसवून घ्या, म्हणजे तोंड दिसत नाही, खऱ्या फोनसारखं होतं. आणि ओटीपी विचारणाऱ्याला "नो, आय विल नॉट टेल यू" म्हणून फोन ठेवायचा सराव तर हमखास घ्या, आमच्याकडं हे वाक्य मावशी लोक सगळ्यात जोरात म्हणतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप करा पण त्यात लिहिण्यापेक्षा व्हॉइस नोट ठेवा, रोज एक वाक्य, आणि ग्रुपवर कुणाची चूक काढायची नाही. सुधारणा सांगायची असेल तर पर्सनलवर.

प्रगती दाखवायला मी परीक्षा घेत नाही. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचं एक मिनिट बोलणं त्यांच्याच मोबाईलमधे रेकॉर्ड करून ठेवते, कितीही अडखळलेलं असो. तीन महिन्यांनी तेच परत. दोन्ही त्यांनी घरी एकट्यानं ऐकायचं, मला ऐकवायचं का नाही ते त्यांनी ठरवायचं.

आणि तुम्हाला स्वतःला एखादा शब्द आला नाही तर सरळ सांगा, "मला माहिती नाही, बघून उद्या सांगते," आणि उद्या खरंच सांगा.

खाडे आणि रजिस्टर

सोयाबीन काढणीला वर्ग निम्मा होतो, लग्नसराईत होतो, घरात कुणी आजारी पडलं की होतो. परत आलेल्या माणसाला "इतके दिवस कुठं होतात" हे पहिलं वाक्य ऐकवू नका. "या, बसा, बरं झालं आलात" म्हणा. दर सोमवारी पहिली वीस मिनिटं मी मागच्या आठवड्याची उजळणी घेते, म्हणजे खाडा झालेल्याला मागं पडल्यासारखं होत नाही आणि बाकीच्यांचंही पक्कं होतं.

बीड जिल्ह्यात क्लास घ्यायचा तर ऊसतोडीचा विचार करावाच लागतो. दिवाळीच्या आसपास माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यावर जातात ती चार-सहा महिन्यांनी, पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत येतात. आधी मी त्यांची नावं रजिस्टरमधून कमी करायचे. आता करत नाही. जायच्या आधी त्यांना वीस व्हॉइस नोट देते, रोजच्या कामातल्या वाक्यांच्या, आणि सांगते की जमेल तेव्हा एक पाठवा, नाही जमलं तरी तुमची खुर्ची इथंच आहे. पहाटे चारला उठून फडात जाणाऱ्या माणसाकडून अभ्यासाची अपेक्षा करायची नसते, धागा तुटू द्यायचा नाही एवढंच.

मागच्या हंगामात त्यातल्या एका ताईंची चार महिने एक पण नोट आली नाही. मार्चमधे एका रात्री आली, अकरा सेकंदांची. मागं टायरगाडीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज होता, कुणीतरी लेकरू रडत होतं, आणि त्या हळू पण न अडखळता म्हणत होत्या, "मॅडम, टुमॉरो वी आर कमिंग होम."